इतिवृत्तात न येणारी बैठक

बैठकांचे इतिवृत्त सर्वांसाठी खुले केले की बंद दाराआडचे निर्णय आपोआप थांबतील, हे मत मला अर्धेच पटते, कारण इतिवृत्तात येतो तो केवळ शेवटचा टप्पा. खरी बोलणी त्याआधीच दोघादोघांत, फोनवर किंवा जिन्यात उरकलेली असतात. मी काम केलेल्या एका कार्यालयात ठरावाच्या मसुद्यावर सूचक आणि अनुमोदक यांची नावे सभेपूर्वीच टंकलेली असत. एखाद्या नवख्याने शंका काढलीच, तर ‘यावर बोलणे झाले आहे’ एवढ्यावर विषय पुढे सरके. कोणाचे कोणाशी, हे विचारण्याची सोय नसे.

कॅलिफोर्नियातील स्थानिक संस्थांना लागू असलेला १९५३ सालचा ब्राउन कायदा, म्हणजे बैठका जनतेसाठी खुल्या ठेवायला लावणारा कायदा, आज नेमकी हीच पळवाट अडवतो. बहुसंख्य सदस्यांनी एकत्र न बसता, एकापाठोपाठ एक किंवा मध्यस्थामार्फत बोलून संस्थेच्या कामकाजाची चर्चा उरकली, तर तीही बेकायदा बैठकच ठरते, मग ती ईमेलवर का झालेली असेना. ते सिद्ध करणे अवघड आहे, हे मान्य. पण खासगी कंपन्यांतल्या रोजच्या निर्णयांना एवढेही बंधन नसते, आणि तिथे निदान कोणाकोणाचा सल्ला घेतला याची नोंद प्रस्तावासोबत मागता येईल.