कंचेभागुबेव लावूनही तीन जणांची तीन उत्तरं, कुठे चुकतंय?

पोरीचा_बाप:
मुलगी सहावीत, सेमीला. काल गाईडमधलं हे गणित घेऊन बसलो,

40 − 15 + 24 ÷ 6 चे 1/2

तिचं उत्तर 17, माझं 27 आणि मागे छापलंय 33. आम्हाला शाळेत कंचेभागुबेव शिकवलं होतं, कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, आणि मी त्याच क्रमाने गेलोय असं मला तरी वाटतंय. मोबाईलवर पण 27च येतंय. गाईड चुकलंय का?

खडूफळा:
गाईड बरोबर आहे. तुम्ही 'चे'चा सरळ गुणाकार करून टाकलात, 24 ÷ 6 × 1/2 असं, म्हणून 4 चे निम्मे 2 आणि 25 + 2 = 27. मोबाईललाही तुम्ही गुणिलेच दाबून दिलं असणार, त्याच्याकडे 'चे'चं बटण कुठंय! 'चे' म्हणजे गुणाकारच, पण त्याचा नंबर भागाकाराच्या आधी लागतो, न दिसणारा कंस समजा.
6 चे 1/2 = 3
24 ÷ 3 = 8
40 − 15 + 8 = 33

पोरीचा_बाप:
अच्छा, माझं कळलं. पण मग तिचे 17 कसे? तिने 8 बरोबर काढलेत की.

वर्गातली_मागची_बाक:
ती 'बे' आधी आणि 'व' नंतर असं धरून चाललीये, आधी 15 + 8 = 23 केलं आणि 40 मधून घालवलं. निम्म्या वर्गाचा हाच घोळ असतो आणि दोष त्या शब्दाचाच आहे. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, डावीकडून जी आधी येईल ती आधी. भागाकार-गुणाकाराचंही तेच, 24 ÷ 4 × 3 चे 18 होतात, 2 नाही. तिला पैशात सांगा, खिशात 40, 15 चा वडापाव खाल्ला, नंतर कोणी 8 परत दिले, तर खिशात किती? 17 म्हणणार नाही ती.

खडूफळा:
+1. आणि आत्ताच सवय लावा की संख्येच्या डावीकडचं चिन्ह त्या संख्येचंच, वजा फक्त 15 चा आहे, 8 ला त्याचं काही देणंघेणं नाही. हे नाही बसलं तर पुढे बीजगणितात 9 − 3क्ष + 5क्ष चं 9 − 8क्ष करून ठेवतात, खरं ते 9 + 2क्ष. आठवीतली पोरं सर्रास करतात हो, आणि आपण म्हणतो बीजगणित अवघड जातंय.

टाईमपास_गणित:
मग 48 ÷ 2(9 + 3) किती ते पण सांगून टाका 😄 आमच्या ग्रुपवर भांडणं झालीत यावरून, 288 की 2

वर्गातली_मागची_बाक:
नको रे बाबा. डावीकडून गेलास तर 288, आणि 2(9 + 3) ला एकच पद मानलंस तर 2, दोन्हीवाले सापडतात. लिहिणाऱ्याने अजून एक कंस टाकला असता तर भांडणच नव्हतं.

पोरीचा_बाप:
वडापाववालं लगेच पटलं तिला. मग मी 60 − 18 + 30 ÷ 10 चे 1/2 घातलं, तिने 48 काढले, मी घाईत 36. आता ती मला शिकवतेय.