अनुभव धागा: सेवेचा पहिला धडा तुम्हाला कोणाकडून मिळाला?

कृष्णाकाठची
काल रात्री मुलीचे दप्तर आवरताना ‘रोज एक सत्कृत्य’ असे नाव घातलेली वही हाती लागली. ती सातवीत आहे. सोमवारपासून शनिवारपर्यंत प्रत्येक वारापुढे ‘आजीला पाणी दिले’ हे एकच वाक्य होते आणि तिची आजी तर पंधरा दिवसांपासून आत्याकडे गेलेली आहे. मला तिचा राग आला नाही. शाळेने मागितले म्हणून चांगुलपणाचीही खोटी नोंद करता येते, हे ती त्या वहीतून शिकत होती, याचे मात्र फार वाईट वाटले.

मग आमचे चित्रकलेचे सर आठवले. आमच्या शाळेतील मुलांची मुतारी इतकी घाण असे की मधल्या सुटीत मुले कुंपणामागे जात. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मनगटावरचे घड्याळ काढून खिडकीत ठेवले आणि खराटा घेऊन ते एकटेच आत गेले. त्यांनी कोणालाही हाक मारली नाही. आम्ही पाच-सहा जण पाठीवर दप्तरे घेऊन नुसते पाहत उभे होतो. थोड्या वेळाने एकाने हापशावरून बादली भरून आणली, दुसऱ्याने दप्तर उतरवले आणि मी दारापर्यंत फिनेलचे पाणी नेऊन देऊ लागले. पुढे वर्षभर दर शनिवारी मुले न सांगता थांबत असत, परंतु सरांनी परिपाठात त्याविषयी एक शब्दही कधी काढला नाही. तुम्हालाही असे कोणी भेटले असेल, तर अवश्य लिहा.

वडाची पारंबी
आमच्या घरी हा धडा वडिलांकडून आला आणि त्यांना तो बोर्डिंगमध्ये मिळाला. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा दिले, ही गोष्ट वडील आजही सांगतात आणि सांगताना त्यांचा आवाज बदलतो. ते स्वतः पुष्कळ नंतरचे विद्यार्थी. पण दळण, झाडलोट आणि भाजीच्या वाफ्यांना पाणी ही कामे पाळीने सर्वांना करावी लागत. आज वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी ते जेवून उठताना आपले ताट आपणच घासतात आणि माझी पत्नी हात पुढे करू लागली की ‘बोर्डिंगचा नियम आहे, सूनबाई’ असे म्हणून नळ सोडतात.

लेकुरवाळी
कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये लिहिते आहे. ताई, त्या वहीबद्दल मुलीला काही बोललात का? माझ्या मुलाच्या शाळेतही अशीच वही आहे आणि ती मीच भरून देते, हे वाचून मला मनापासून लाज वाटली.

सुईदोरा
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सोलापुरात नववीत होते. आदल्या रात्री गणपती विसर्जनामुळे सगळे उशिरा झोपलेले होते. पुढच्या दोन-तीन दिवसांत शाळेत कपड्यांचे ढीग जमले आणि ते नीट लावण्यासाठी आमच्या वर्गाला बसवले. बाईंनी पहिल्याच गठ्ठ्यातून एक फाटका परकर उचलून आम्हाला विचारले, “हा तुझ्या आईला नेसायला देशील का?” कोणीच उत्तर दिले नाही. त्यानंतर त्यांनी कपड्यांचे तीन ढीग करायला लावले: जसे आहे तसे देण्याजोगे, दुरुस्त करून देण्याजोगे आणि पुसणी करण्याजोगे. तिसरा ढीग सर्वांत मोठा झाला. मला दुसऱ्या ढिगावर बसवले होते. शर्टांना बटणे लावता लावता बोटांची टोके सुजली आणि मी एका शर्टाला काळे बटण लावले, तर रंग जुळत नाही म्हणून बाईंनी ते उसवून पांढरे शोधायला लावले. त्या वेळी मला तो जाच वाटला. तो शर्ट घालणारा कोणाचा तरी वडील किंवा मुलगा असेल, हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

खानदेशी
साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत, तो काळ साधारण १९२४ ते १९३० चा. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः आवरून ठेवत, असे आमच्या गावातील जुनी माणसे सांगत असत. ताईंच्या चित्रकलेच्या सरांविषयी वाचताना मला नेमके तेच आठवले.

मातीचे हात
मी जे लिहिणार आहे त्यात आमची चूक आहे, परंतु ती लिहिली पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि दोन वर्षांतून एकदा सात दिवसांचे निवासी शिबिर, ही तिची रीत अनेकांना माहीत असेल. आमच्या शिबिरात आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला. तो चांगला झाला. शेवटच्या दिवशी मात्र पाहुणे येणार म्हणून माळावर घाईघाईने साठ रोपे लावली. एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, “लेकरांनो, तुम्ही उद्या जाणार, मग यांना पाणी कोण घालणार?” आम्ही हसून ‘गाव घालेल’ असे म्हटले. पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो, तेव्हा माळावर साठ खड्डे आणि वाळलेल्या काड्या होत्या. आमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी त्या वर्षी एकही नवे रोप लावू दिले नाही. त्यांनी आम्हाला आधी त्या म्हातारीच्या घरी पाठवले.

जिल्हा परिषदेचा गुरुजी
बत्तीस वर्षे शिकवल्यानंतर एक मत मांडतो, पटले नाही तरी चालेल. सापडलेली वस्तू परत करणाऱ्या मुलाचा परिपाठात सत्कार करण्याची पद्धत मीच सुरू केली होती आणि मीच ती बंद केली. तिसरीतील एक मुलगा रोज पेन्सिल ‘सापडली’ म्हणून आणू लागला आणि ती त्याचीच असायची. त्याला टाळ्या हव्या होत्या, यात त्या लेकराचा काही दोष नव्हता. त्यानंतर मी खिडकीत एक खोका ठेवला, ज्यात सापडलेले टाकायचे आणि हरवलेले शोधायचे, नाव लिहायचे नाही. खोका कधी रिकामा राहिला नाही.

नव्याने नोकरीला लागलेली
गुरुजी, आपल्याविषयी आदर ठेवूनच विचारते. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि वाढीव गुणांचे आमिष नसते तर माझी निम्मी मुले शिबिराला आलीच नसती. त्यांतील एक मुलगी गुणांसाठी आली आणि आता दर रविवारी वृद्धाश्रमात पत्रे वाचून दाखवायला जाते. गुण दारापर्यंत आणतात, असे म्हणता येणार नाही का?

जिल्हा परिषदेचा गुरुजी
म्हणता येईल. त्या मुलीबरोबर पहिल्या रविवारी कोण गेले होते?

नव्याने नोकरीला लागलेली
मी गेले होते.

कृष्णाकाठची
लेकुरवाळी, काल काही बोलले नाही. आज सकाळी तिला घेऊन शेजारच्या काकांचे दळण आणायला गेले. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. परतताना तिने विचारले की हे वहीत लिहायचे का, तेव्हा मी म्हटले, तुझे तू ठरव.

लेकुरवाळी
मी आजपासून वही भरणार नाही. बाईंना भेटून सांगणार आहे.

जिल्हा परिषदेचा गुरुजी
मातीचे हात, त्या माळाचे पुढे काय झाले? आमच्या शाळेमागेही तसाच मुरमाड उतार आहे.

मातीचे हात
म्हातारीने माळावर नको म्हणून सांगितले, कारण शेळ्या तिथेच चरतात. तिच्या सांगण्यावरून आम्ही घरांच्या मोरीचे पाणी जिथे जाते तिथे घरागणिक एक रोप लावले आणि ते घरातल्या एका मुलाकडे सोपवले. कडुनिंब आणि शेवगा तगला, गुलमोहर गेला. आपल्या उतारावर आधी चर खणून एक पावसाळा जाऊ द्या, रोपे त्यानंतर लावा.