घरातलं शस्त्र, गावातली धास्ती : तुमचा अनुभव लिहा

कोठीघर
डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. त्यानंतर बीड जिल्ह्यातले बंदुकीचे परवाने नव्यानं तपासले गेले, बरेच रद्दही झाले. तेव्हापासून आमच्याकडं पारावर एकच विषय: परवाना कुणाला असावा, कुणाला नसावा. राजकारण इथं नको. शस्त्र तुमच्या घरात आहे, होतं, हवं होतं किंवा त्याची भीती वाटली, तर ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. आजोबांची बारा बोअरची बंदूक होती. ते गेल्यावर ती कोठीत, ज्वारीच्या पोत्यामागं आठ महिने पडून राहिली. परवानाधारक गेला की हत्यार विनाविलंब जमा करायचं असतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी वडील ती ठाण्यात घेऊन गेले. आजी दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहायची, ते नंबराच्या खाचांत बसून कडक झालेलं. हवालदारांनी नखानं खरवडून एकेक आकडा वाचला आणि म्हणाले, "मास्तर, परवाना माणसाचा असतो, बंदुकीचा नाही."

माजी_फौजी_अहमदपूर
पेन्शन पुरत नाही म्हणून बँकेत गनमन आहे. २०२४ मध्ये लोकसभा झाली आणि सहा महिन्यांत विधानसभा. दोन्ही वेळा निवडणुकीपुरती बंदूक जमा करायची नोटीस. सरसकट सगळ्यांची जमा करायची नसते, छाननी समितीनं माणूस बघून ठरवायचं असतं: जामिनावर आहे का, गुन्हे आहेत का, दंगलीत नाव होतं का. बँकेच्या गार्डला सूटही मिळते. पण पहिल्या खेपेला आमचं पत्र टेबलावरच राहिलं. बंदूक नाही तर ड्युटी नाही, ड्युटी नाही तर पगार नाही. एकवीस दिवस घरी. दुसऱ्या खेपेला मी स्वतः पत्र हातात धरून उभा राहिलो. जमा करायला माझा विरोध नाही. मला आणि नावावर दोन पोलीस केस असलेल्याला एकाच रांगेत उभं करू नका, एवढंच.

सोयाबीनवाला
आम्ही हिंगोलीकडचे. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं रात्रीतून एकर झोपवतात. कायद्यात पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना लिहिलेलाच आहे, म्हणून अर्ज केला. वर्षभर हेलपाटे. मग एका साहेबांनीच समजावलं, की बंदूक मिळाली तरी रोही मारता येत नाही, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी. म्हणजे नुसता आवाज करायचा! त्या पैशात झटका मशीन, म्हणजे विजेचा हलका झटका देणारं कुंपण, बसवली. खरं सांगू, आता बरं वाटायलंय. मागल्या साली बांधावरून भावकीत डोकी फुटली. त्या दिवशी हाताशी बंदूक असती तर?

लेकीचीमाय
माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात वरात मांडवाशी आली आणि नवरदेवाच्या मामानं वर दोन बार काढले. पत्र्याच्या शेडखाली! छर्रे पत्र्याला भोकं पाडून गेले. माझी लेक सहा वर्षांची, दोन दिवस कानावर हात ठेवून झोपली. २०१९ पासून असल्या हौसेच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तक्रार कुणी केली? कुणीच नाही. पाहुणे नाराज होतील ना! त्या "कुणीच नाही"मध्ये मीही आले. आहेराच्या पाकिटावर त्या मामाचं नाव मीच लिहून घेतलं.

गोदातीर_नांदेड
आम्ही दखनी शीख, घरात मराठीच बोलतो. कृपाण आमचा ककार, म्हणजे अंगावर बाळगायच्या पाच धर्मखुणांपैकी एक; घटनेच्या २५ व्या कलमात तिचा स्पष्ट उल्लेख आहे. देशातल्या विमानातही ६ इंचांपर्यंत पातं चालतं. तरी एका परीक्षेच्या दारावर मला "चाकू बाहेर ठेव" सांगितलं. वीस मिनिटं गेली, पेपर अर्धवट राहिला. पण दुसरी बाजूही सांगतो. हल्लाबोलच्या, म्हणजे आमच्या सणाच्या, मिरवणुकीत तलवारी असतात, तेव्हा आमचेच म्हातारे पोरांना दटावतात, "हात आखडून चाल." परंपरा आहे म्हणून कुणाचंही बोट कापायची मुभा नसते.

बाप_१९चा
पोरानं तलवारीनं केक कापून स्टेटस ठेवलं. शेतीची-घरकामाची हत्यारं सोडली तर ९ इंचांपेक्षा लांब पातं शस्त्र कायद्यात बसतं. हे मला कळलं ठाण्याच्या बाकड्यावर.

माजी_फौजी_अहमदपूर
सगळं खरं, पण कट्टेवाला, म्हणजे बेकायदा गावठी पिस्तूल बाळगणारा, परवाना मागायला येत नाही. तपासणी आमचीच होते, कारण आमचा पत्ता लिहिलेला असतो.

लेकीचीमाय
काका, आमच्या मांडवात बार काढणाऱ्याकडंही परवाना होता.

सोयाबीनवाला
कोठीघर, आजोबांच्या बंदुकीचं पुढं काय झालं?

कोठीघर
जमाच आहे. भाऊ म्हणतो वारसाचा अर्ज करू, आई म्हणते राहू दे. आजी मात्र खंडेनवमीला आता त्या पावतीला कुंकू लावते.