मदत हवी आहे: वाईहून रिपीटर गाठायला तीन एलिमेंटचा यागी की सात?

नमस्कार मंडळी,

हॅम रेडिओचा प्रश्न आहे. पुण्याच्या बाजूच्या डोंगरावरचा दोन मीटर बँडचा रिपीटर (आपला सिग्नल घेऊन पुन्हा दूरवर पाठवणारा संच) वाईतल्या घरून नीट गाठायचा आहे. त्यासाठी यागी, म्हणजे दांड्यांचा (एलिमेंटचा) एका दिशेला रोखायचा अँटेना, लावायचा विचार आहे. हवाई अंतर ५० किमीच्या आसपास, म्हणजे फार नाही. खरी अडचण मांढरदेवच्या डोंगराची, तो बरोबर मध्ये येतो.

सध्या गच्चीवर जीआय पाइपावर ग्राउंड प्लेन (सगळीकडे सारखा पसरणारा साधा उभा अँटेना) आणि खोलीत २५ वॉटचा मोबाइल सेट (गाडीत बसवतात तसा रेडिओ) आहे. रिपीटर उघडायला (सुरू व्हायला) लागणारा टोन बरोबर आहे, तो उघडतो, पण माझा आवाज खरखरत तुटतो असं समोरचे सांगतात. पावसाळ्यात इथे लाइट आणि मोबाइलची रेंज बरोबरच जाते. त्या वेळी चालेल असा भरवशाचा संपर्क हवा, म्हणून ही धडपड.

केबल आधी बदलतोय. सध्याच्या १८ मीटर आरजी-५८ या बारीक केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्झला साडेतीन डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त पॉवर वाटेतच संपते. कमी गळतीची जाड आरजी-२१३ घेतोय.

आता अँटेना. पहिला विचार सात एलिमेंटच्या यागीचा होता. एक विक्रेता त्याचा गेन (रोखलेल्या दिशेला सिग्नल किती वाढतो ते) १२ डीबी सांगतो. डीबीआय (सगळीकडे सारख्या पसरणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत) की डीबीडी (साध्या डायपोल अँटेनाच्या तुलनेत), याला उत्तर नाही, आणि तिथेच २.१५ चा फरक पडतो. पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. गच्चीवर हँडी (हातातला छोटा रेडिओ) छातीशी धरून हळूहळू गोल फिरलो, तर रिपीटरच्या दिशेला, म्हणजे उत्तरेला, सिग्नल बरा येतो. पाचगणीच्या कड्यांकडे तोंड केलं की त्याहून स्वच्छ! कड्यांवरून परावर्तन होत असावं. मग यागी कुठे रोखायचा? डोंगराच्या धारेवरून वाकून येणाऱ्या सिग्नलकडे की कड्यांकडे? लांब बूमचा (एलिमेंट बसवलेल्या आडव्या दांड्याचा) यागी अरुंद दिशेत बघतो, दिशा चुकली तर गेन वाया. तीन एलिमेंटचा पसारा रुंद, बूम मीटरभर, वाऱ्यालाही सोसेल. माझा कल त्याच्याकडे आहे.

दुसरं, रिपीटरचा अँटेना व्हर्टिकल (उभा) असल्याने एलिमेंट उभे ठेवावे लागणार. मग त्यांना समांतर असा लोखंडी पाइप बूमच्या मधोमध नको. रिफ्लेक्टरच्या (सर्वात मागच्या एलिमेंटच्या) मागे पकड घ्यावी की वरचा तुकडा फायबरचा लावावा? बांबू कोणी वापरलाय का? आपल्याकडच्या पावसात किती टिकतो?

भोर, वाई, महाबळेश्वर पट्ट्यात डोंगराआडून काम करणाऱ्यांनी कृपया सांगा: तुमचा यागी किती एलिमेंटचा आणि तो शेवटी कोणत्या दिशेला स्थिरावला?

७३ (शुभेच्छा)