मुंबईजवळ जुनी धान्याची कोठारं बघायला कुठे जायचं?

डोंबिवलीची आई: नमस्कार मंडळी. माझी नणंद अमेरिकेत असते, तिने मागच्या महिन्यात तिथली जुनी बार्न बघायची टूर केली. मोठमोठी लाकडी कोठारं, वर गवत खाली गुरं, आत शिरून सगळं बघता येतं. फोटो बघून माझा मुलगा विचारतोय की आपल्याकडे असं काय आहे, कारण त्याच्या मते तांदूळ ॲपवरून येतो 😅 शनिवार-रविवारात होईल असं काही आहे का? रिसॉर्टवाली बैलगाडी नको, ती करून झाली.

कणगीतला भात: ताई, कोकणात तसलं बार्न शोधूच नका, मिळणार नाही. आमच्या आजोळी माणगावकडे भात घरातच असायचा, माजघराच्या कोपऱ्यात कणगी, बांबूची विणलेली आणि शेणामातीने लिंपलेली, माझ्या डोक्याच्या वर. तळाशी गेलेला भात काढायला आजी मला आत उतरवायची आणि बाहेर आलो की दोन दिवस अंगाला नुसती खाज, कुसळं बनियनमध्ये जाऊन बसायची. पेंढ्याची उडवी अंगणापलीकडे, गोठा वेगळा. आता मामाकडे प्लास्टिकचे पिंप आहेत, त्यात बघण्यासारखं काय.

सह्याद्री_भटक्या: पन्हाळ्याचा अंबारखाना बघा!! गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन दगडी कोठ्या, गंगा सगळ्यात मोठी, पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. बाहेरून जिना चढून माथ्यावर जायचं, तिथल्या झरोक्यांतून धान्य आत ओतायचे. आत उभं राहून वर बघितलं की कळतं काय प्रकार आहे.

पोयनाडकर: दादा, त्यांनी मुंबईजवळ म्हटलंय, पन्हाळा कोल्हापूरच्या पुढे 😂 आणि एक लक्षात घ्या, ती कोठी सरकारची. वीस मणाची एक खंडी, म्हणजे पाच लाख मण धान्य, ते पिकवणाऱ्याच्या घरात मात्र वर लिहिलीय तेवढी कणगी, आणि आमच्याकडे तर तीही भरायची नाही कारण अर्धं भात खळ्यावरूनच खोताकडे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराकडे जायचं. म्हणून माझं मत विचाराल तर चरीला जा, अलिबागच्या अलीकडे, पोयनाडजवळ. 1933 ला नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली 25 गावांतल्या कुळांनी शेतंच कसायची नाहीत असं ठरवलं आणि 1939 पर्यंत कसली नाहीत. सहा वर्षं! जंगलातल्या मोळ्या विकून दिवस काढले लोकांनी. बाबासाहेबांनी 1937 ला खोतीविरुद्ध बिल आणलं, पण खोती जायला 1949 चा कायदा यावा लागला. कोठार नाहीये दाखवायला, पण पोराला खाडीलगतची खारजमीन, बांध आणि खळं दाखवा, धान्य कुठून कुठे जायचं ते तिथेच समजेल.

हळद_आणि_ऊस: सांगलीकडे आलात तर हरिपूरची पेवं विसरू नका. जमिनीत खोदलेली, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि खाली माठासारखं पोट, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, हवाच नाही म्हटल्यावर किडा जगणार कसा. पण माणूसही जगत नाही, म्हणून तोंड बराच वेळ उघडं ठेवून आधी कंदील सोडायचे, विझला की कोणी उतरायचं नाही. 2005 च्या पुरात बरीचशी पेवं गेली, राहिलेली बघायची तर गावातल्या माणसाला सोबत घ्या, स्वतः डोकावू नका.

डोंबिवलीची आई: सगळ्यांना थँक्यू 🙏 पन्हाळा मे महिन्यात. चरीचं नक्की, मांडव्याच्या लाँचने जाऊ, पण आता गेलं तर शेतात काही दिसेल का?

पोयनाडकर: आता नको, नुसता चिखल. दिवाळीच्या आसपास या, झोडणी चालू असते. जुने कपडे आणा, कुसळांचं वर वाचलंच आहे तुम्ही.