अतिदक्षता विभागातील खाट कोणाला द्यायची, याचे निकष लिहून दाराशी लावावेत

मूळ मत : निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याला झोपेत मण्यार चावली. मण्यारीच्या दंशाची वेदना फारशी जाणवत नाही. पहाटे त्याचे पोट दुखू लागले, पापण्या आपोआप मिटू लागल्या आणि बेळगावला पोहोचेपर्यंत त्याला श्वास घेणे जड झाले. ज्या रुग्णालयात आम्ही गेलो, तेथे अतिदक्षता विभागात एकच खाट रिकामी होती, आणि आमच्या तासभर आधी कीटकनाशक पोटात गेलेल्या एका बाईंना तेथे आणलेले होते. आमच्यापैकी एकाने ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावला, त्यांनी पुढे कोणाला तरी सांगितले आणि खाट आम्हाला मिळाली. पुतण्या सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. आज तो शेतात राबतो. त्या बाईंना त्यांच्या माणसांनी दुसरीकडे हलवले, एवढेच मला ठाऊक आहे.

कदाचित वैद्यकीय कसोटीवरही ती खाट आमच्याच मुलाला मिळाली असती. परंतु तशी कसोटी लावली गेली का, हे त्या बाईंच्या नवऱ्याला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. ही गोष्ट मनाला लागून राहिल्यामुळेच हे लिहीत आहे.

माझे मत असे : खाटा कमी आणि रुग्ण अधिक असतील, तेव्हा अतिदक्षता उपचारांनी ज्याचा जीव वाचण्याची शक्यता अधिक, त्याला प्राधान्य मिळावे. हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर एकट्यावर न टाकता, त्या रुग्णाशी संबंध नसलेल्या दोन अनुभवी डॉक्टरांनी घ्यावा आणि त्याचे कारण नातेवाइकांना कळेल अशा भाषेत, म्हणजे कन्नड किंवा मराठीत, लिहून द्यावे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये अतिदक्षता विभागात दाखल करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. अवयव निकामी होणे, शुद्ध हरपणे, श्वासाला आधार लागणे अशी कारणे त्यांत दिलेली आहेत. त्या सूचना सामान्य माणसाला दिसतील अशा ठिकाणी लावण्यात अडचण ती कसली?

प्रतिसाद : औषध दुकानदार, निपाणी

गुरुजी, आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे. तरीही आपण सुचवलेली वाट मला धोक्याची वाटते. ‘जीव वाचण्याची शक्यता’ हे शब्द कानाला न्याय्य वाटतात, पण दवाखान्यात त्यांचा अर्थ बहुधा ‘वय’ असाच होतो. माझ्या आईला वयाच्या ७६ व्या वर्षी न्यूमोनिया झाला, तेव्हा तपासल्याला दहा मिनिटेही झाली नसतील तोच ‘आता वय झाले आहे, घरी न्या’ असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही तिला कोल्हापूरला नेले आणि अकराव्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी घरात आली. कोरोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, इटलीतील अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने तर, प्रवेशासाठी वयाची मर्यादा घालावी लागू शकेल, असे उघडपणे लिहिले होते. एकदा असे कागदावर आले की म्हाताऱ्या माणसाची बाजू मांडायची कोणी?

जो आधी आला त्याला आधी खाट, एवढा एकच नियम अडाणी माणसालाही तपासून पाहता येतो. त्या नियमाने ती खाट त्या बाईंची होती, आणि तेथे फोन चालला नसता.

प्रतिसाद : वकील, अथणी

आधी येणारा आधी, हा नियम शहरात राहणाऱ्यांच्या सोयीचा आहे. कणकुंबी किंवा जांबोटीच्या बाजूचा रुग्ण पावसात जंगलातून निघतो आणि बेळगावात घर असलेला माणूस रिक्षाने पंधरा मिनिटांत पोहोचतो. दोघांचा आजार एकाच वेळी सुरू झाला असला तरी रांगेत पहिला कोण लागणार, हे आधीच ठरलेले असते. ज्यांच्याकडे गाडी नाही, ज्यांना आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मग तालुक्याला थांबावे लागले, ते सगळे या नियमाने मागे पडतात.

गुरुजींच्या मागणीला कायद्याचा आधार आहे, परंतु तो त्यांनी घेतला त्यापेक्षा मोठा आहे. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला खाट नाही म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला. वेळेवर तातडीचे उपचार न मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने सांगितले. इतकेच नव्हे, तर ज्या रुग्णालयात योग्य खाट रिकामी असेल तेथे रुग्णाला लगेच पाठवता यावे म्हणून मध्यवर्ती संपर्कव्यवस्था उभारावी, असेही म्हटले. आपल्या भागात या वाक्याला विशेष अर्थ आहे. अथणी आणि कागवाडच्या माणसाला मिरज जवळ, निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ, खानापूरचे कितीतरी लोक गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. रुग्ण तीन राज्यांत फिरतो आणि रिकाम्या खाटेची माहिती मात्र राज्याच्या सीमेवर थांबते. कोरोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, कर्नाटक-केरळ सीमेवरील तलपाडीच्या नाक्यावर केरळातील कासरगोडचे रुग्ण अडवले गेले, तेव्हा तो प्रश्न केरळ उच्च न्यायालयापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला होता. त्या बाईंना ‘दुसरीकडे’ नेले म्हणजे कुठे नेले, तेथे खाट आहे की नाही हे आधी कोणी फोन करून विचारले का, हा प्रश्न मला निकषांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

प्रतिसाद : परिचारिका, अतिदक्षता विभाग, बेळगाव

मी चौदा वर्षे या कामात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

निकष लिहावेत, याला माझी संमती आहे. पण निकष म्हणजे गुणांची बेरीज, असे कोणी समजू नये. सोफा नावाची एक गुणपद्धत आम्ही रोज वापरतो. फुप्फुस, रक्त गोठणे, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड या सहांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात, एकूण २४. गुण जितके जास्त तितकी प्रकृती गंभीर. ही पद्धत १९९६ मध्ये मांडली गेली ती रुग्णाचे अवयव कसे बिघडत जातात ते नोंदवण्यासाठी, दोन माणसांमधून एकाला निवडण्यासाठी नव्हे. गुरुजींच्या पुतण्याचेच पाहा. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात, रुग्ण हाक मारली तरी डोळे उघडत नाही, कधी कधी डोळ्यांच्या बाहुल्याही प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत. नवख्या डॉक्टरला मेंदू मृत झाल्यासारखे वाटावे, अशी ती अवस्था असते, आणि तोच रुग्ण पुरेसे दिवस श्वास दिला तर पूर्ण बरा होऊन जातो. जास्त गुण म्हणजे वाचण्याची आशा कमी, असे धरून केवळ गुणांवर खाट दिली असती, तर त्या मुलाचा क्रमांक खाली लागू शकला असता. कीटकनाशकाच्या विषबाधेतही पुष्कळदा असेच असते. त्या बाईही वाचण्याजोग्या असतील. म्हणून निर्णय आजार ओळखणाऱ्या माणसानेच घ्यायला हवा, आणि दर दिवशी पुन्हा तपासायला हवा.

निपाणीच्या दादांची भीती खरी आहे. वय आणि क्षीणता या वेगळ्या गोष्टी आहेत. शेतात काम करणारी ७६ वर्षांची बाई आणि दोन वर्षे अंथरुणाला खिळलेला साठीचा माणूस यांच्यात आधी कोण, हे जन्मतारखेवरून ठरत नाही. क्षीणता मोजण्याची १ ते ९ अशी एक पट्टी आहे. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ती वापरायला सांगितली, तेव्हा अपंगांच्या संघटनांनी आक्षेप घेतला आणि स्थिर अपंगत्व असलेल्या तरुणांना ती लावू नये, अशी दुरुस्ती काही दिवसांतच करावी लागली. निकष जाहीर होते म्हणूनच ती चूक दिसली. दादा, आपल्या आईंना ‘वय झाले’ असे सांगितले गेले ते कोणत्याही लेखी निकषाशिवाय.

आणखी एक गोष्ट बाहेर दिसत नाही. खाट नाही, असे सांगितले जाते तेव्हा आत एखादा रुग्ण असा असतो की ज्याला आता अतिदक्षतेची गरज उरलेली नसते, पण वॉर्डात ऑक्सिजनची सोय असलेली जागा नाही, म्हणून तो दोन दिवस तेथेच असतो. दाराबाहेरच्या दोघांमध्ये निवड करण्याआधी आत हे पाहिले पाहिजे.

प्रतिसाद : औषध दुकानदार, निपाणी

सिस्टर, वय आणि क्षीणता यांतला भेद मला पटला. लेखी कारण मिळाले असते, तर मी त्यावर भांडू शकलो असतो, हेही मान्य करतो. पण एका प्रश्नाचे उत्तर द्या. आत व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णापेक्षा बाहेर आलेला रुग्ण वाचण्याची शक्यता जास्त असेल, तर आतल्याचा व्हेंटिलेटर काढणार का? गुरुजींचे सूत्र शेवटपर्यंत नेले तर तेथेच जाते.

प्रतिसाद : मूळ लेखक, खानापूर तालुका

माझे सूत्र तेथे जाते, हे मी लिहिताना पाहिले नव्हते. खाट देताना शक्यता पाहावी, पण दिलेली खाट दुसऱ्यासाठी काढून घेऊ नये, अशी दुरुस्ती मी करतो. वकीलसाहेबांनी सांगितलेली संपर्कव्यवस्था मिरज, कोल्हापूर आणि बांबोळीसह असावी, ही मागणी आमच्या तालुक्यातून लेखी पाठवायची आहे. मसुदा करायला त्यांची मदत हवी आहे.

प्रतिसाद : परिचारिका, अतिदक्षता विभाग, बेळगाव

गुरुजी, दुरुस्तीत एक शब्द वाढवावा लागेल. उपचारांचा उपयोग होत नाही हे स्पष्ट झाले, तर नातेवाइकांशी बोलून, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घालून दिलेल्या आणि २०२३ मध्ये सोप्या केलेल्या पद्धतीने व्हेंटिलेटरसारखा आधार थांबवता येतो. पण तो त्या रुग्णाच्या हितासाठी, बाहेर कोण उभे आहे हे पाहून नव्हे. ही दोन कारणे एकाच डॉक्टरच्या मनात एकाच वेळी असू नयेत, म्हणून खाट देणारे डॉक्टर आणि आधार थांबवण्याविषयी बोलणारे डॉक्टर वेगळे असावेत, हे मसुद्यात जरूर लिहा.