मदत हवी आहे: पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल?

नमस्कार मंडळी. नौपाड्यात सोन्याची पेढी आहे. रात्री दुकान वाढवून रोकड घेऊन निघावं लागतं, म्हणून शस्त्रपरवाना काढलाय. नऊ एमएम गोळीचं शस्त्र आपल्यासारख्या सामान्य नागरिकांना मिळत नाही, तेव्हा पॉइंट ३२ (म्हणजे ०.३२ इंची गोळीचं) नक्की. अडलंय पुढे.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर हलकं, टायटॅनियमचं, पण किंमत लाखाच्या वर. सरकारी कारखान्याचंच साधं रिव्हॉल्व्हर भरवशाचं आहे का? गोळी फुटली नाही तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की पुढची गोळी समोर येते. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, हाताने मागे खेचावी लागते. घाबरलेल्या हाताला ते जमणार नाही असं मला वाटतं.

शर्टाखाली होल्स्टरमध्ये, आपल्या दमट हवेत आणि घामात, गंज चढतो का? रोज बाळगणाऱ्यांनीच सांगा. घरात लहान मुलं आहेत, कुलपाची पेटी कोणती घेतलीत?